देवापुढे गप्प राहा, असं गाऊन सांगणारी गीतं

ख्रिस्ती उपासनेतल्या गीतांचे प्रकार पुष्कळ. आभाराची, पापकबुलीची, नाताळची, ईस्टरची, लग्नाची, मयताची. त्यांतच एक छोटा गट असा आहे की ज्यात भक्त देवाकडे फारसं काही मागतच नाही. आपण कुणासमोर उभे आहोत याचं भान ठेवा, नजर खाली घ्या, तोंड बंद करा, इतकंच ही गीतं सांगतात. गंमत अशी की तोंड बंद करा हे सांगायलाही तोंड उघडावंच लागतं. ‘सर्व मर्त्य देहांनी मौन धरावं’ अशा अर्थाची ओळ अख्खी मंडळी उभी राहून, ऑर्गनच्या साथीनं, खड्या आवाजात गाते. ही अडचण लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होती आणि चाली लावणाऱ्यांनाही. तिच्यातून वाट काढणारी माणसं मात्र आपल्या कल्पनेतल्या धार्मिक माणसांसारखी अजिबात नाहीत. त्यांत एक फिती विणणारा आहे, चाली बदलल्या म्हणून तुरुंगात गेलेला एक जण आहे, ज्याच्या पंथात उपासनेत गाणंच नसतं असा एक कवी आहे आणि देवावर विश्वास नसलेला एक संगीतकारही आहे.

या गीतांचा कच्चा माल बायबलमधल्या तीन-चार जागांवरून येतो. यशया संदेष्ट्याला मंदिरात दृष्टान्त होतो. मंदिर धुरानं भरलेलं असतं आणि सराफीम नावाचे सहा पंखांचे देवदूत दोन पंखांनी तोंड झाकून, दोन पंखांनी पाय झाकून, उरलेल्या दोन पंखांनी उडत ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ असं म्हणत असतात. हबक्कूकच्या पुस्तकात एक वचन आहे की परमेश्वर आपल्या मंदिरात आहे, त्याच्यापुढे सगळ्या पृथ्वीनं गप्प राहावं. एलीया संदेष्टा डोंगरावर उभा असताना आधी वादळ येतं, मग भूकंप, मग आग. देव त्या तिन्हींत नसतो, नंतरच्या मंद आवाजात असतो. आणि अगदी शेवटच्या प्रकटीकरणाच्या पुस्तकात सिंहासनासमोर वडीलजन आपले सोन्याचे मुगुट काढून ठेवतात. पुढच्या दोन हजार वर्षांत गीतकार या चार जागांभोवतीच फिरत राहिले.

शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची

पुढचं सगळं कळायला आधी एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यायला हवी. आपल्याकडे भावगीत म्हटलं की कवी आणि संगीतकार ही जोडी डोळ्यांसमोर येते. चर्चच्या गीतांत तसं बहुधा नसतं. शब्द एका शतकातले, चाल दुसऱ्या शतकातली, आणि दोघांची गाठ तिसऱ्याच कुणा संपादकानं घालून दिलेली. हे जमतं ते मापामुळे. इंग्रजी गीतपुस्तकात गीताच्या डोक्यावर ८.६.८.६ किंवा ८.७.८.७ असे आकडे छापलेले असतात. प्रत्येक ओळीत किती अक्षरं उच्चारायची, त्याचा तो हिशेब. अभंगाचं सहा-सहा-सहा-चार माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको. माप जुळलं की त्या मापाची कुठलीही चाल त्या शब्दांना लागू शकते. म्हणूनच चालीला स्वतःचं नाव असतं, गीताच्या नावाशी त्याचा संबंध नसतो. ‘नायसीया’, ‘पिकार्डी’, ‘रेप्टन’ ही चालींची नावं आहेत. पुस्तकाच्या शेवटी मापांची वेगळी सूची असते आणि जुने ऑर्गनवादक तिच्यातूनच ऐनवेळी पर्यायी चाल शोधतात.

ही अदलाबदलीची पद्धत रुजली ती मुख्यतः सोळाव्या शतकातल्या जिनिव्हामुळे. तिथं जॉन काल्व्हिन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाचा कारभार. उपासनेत फक्त बायबलमधली स्तोत्रं, तीही सगळ्यांनी एकाच सुरात, वाद्यांशिवाय गायची. सूर देवाला शोभेल असा भारदस्त हवा, मेजवानीतल्या गाण्यासारखा नको, हा त्याचा आग्रह. लुई बूर्ज्वा नावाचा संगीतकार या स्तोत्रांच्या चाली तयार करत आणि सुधारत होता. लोकांच्या ओठावर बसलेल्या चाली त्यानं परवानगीशिवाय बदलल्या म्हणून डिसेंबर १५५१ मध्ये नगर परिषदेनं त्याला तुरुंगात टाकलं. काल्व्हिननं स्वतः मध्ये पडून त्याला सोडवलं. त्याच १५५१ सालच्या जिनिव्हाच्या पुस्तकातली, बूर्ज्वाच्या नावावर असलेली एक चाल आजही जगभर गायली जाते. इंग्रजीत तिचं नाव ‘ओल्ड हंड्रेडथ’, म्हणजे जुनी शंभरावी. जिनिव्हात ती एकशेचौतिसाव्या स्तोत्राला होती. विल्यम कीथ या निर्वासित स्कॉट माणसानं शंभराव्या स्तोत्राचं इंग्रजी पद्य केलं, ते १५६१ मध्ये या चालीसह छापलं गेलं आणि नाव पडलं.

कीथच्या पद्यात एक ओळ आहे: त्याची सेवा भयानं करा. मूळ स्तोत्रात मात्र आनंदानं सेवा करा असं आहे. १६५० च्या स्कॉटिश स्तोत्रपुस्तकानं भय काढून तिथं आनंद घातला, तरी बऱ्याच पुस्तकांत भय टिकून राहिलं. आदरात भीती किती आणि आनंद किती, हा वाद या एका ओळीत साडेचारशे वर्षं चालू आहे.

फितीवाला तेरस्टेगेन

जर्मनीतल्या म्युलहाइम गावात गेरहार्ड तेरस्टेगेन (१६९७–१७६९) रेशमी फिती विणून पोट भरायचा. त्याला गर्दी नको होती, एकट्यानं करायचं काम हवं होतं. १७२४ च्या पवित्र गुरुवारी त्यानं स्वतःच्या रक्तानं येशूला अर्पणपत्र लिहून दिलं. आज हे वाचताना जरा दचकायला होतं, पण त्याची गीतं मात्र अजिबात भडक नाहीत. १७२९ साली आलेल्या त्याच्या गीताचा आरंभ साधा आहे: देव इथं आहे, या, आपण त्याला वंदन करू, आदरानं त्याच्यापुढे जाऊ, देव मध्यभागी आहे, आपल्या आतलं सगळं गप्प होवो. त्यानं बाहेरच्या गोंगाटाकडे बोट दाखवलेलं नाही, गप्प व्हायचं ते आतल्यानं. पुढच्या एका कडव्यात तो म्हणतो, कोवळी फुलं जशी आपणहून उमलतात आणि उन्हापुढे निश्चल राहतात, तसं मला तुझे किरण धरू दे. आदर म्हणजे आकसून बसणं अशी आपली समजूत असते. इथं तो उमलण्यात आहे. या सबंध प्रकारात मला सगळ्यांत ताजं वाटणारं कडवं हेच.

हे गीत लिहिताना तेरस्टेगेननं माप घेतलं ते योआखिम नेआंडरच्या एका चालीचं. नेआंडर १६८० मध्ये अवघ्या तिसाव्या वर्षी वारला. ड्युसेलडॉर्फजवळच्या एका दरीत तो हिंडायचा, म्हणून पुढे त्या दरीला त्याचं नाव दिलं गेलं. १८५६ मध्ये तिथल्या खाणकामात आदिमानवाची हाडं सापडली आणि गीतकाराचं आडनाव निअँडरथल माणसाला चिकटलं. इतकी विचित्र कीर्ती क्वचितच कुणा भजनकर्त्याच्या वाट्याला आली असेल.

इंग्लिश धर्मोपदेशक जॉन वेस्लीनं तेरस्टेगेनच्या गीताचं इंग्रजी रूपांतर १७३९ मध्ये छापलं. पण इंग्रजी जगात आदराचं गीत म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते दुसरंच.

पुण्यापर्यंत आलेला कवी

रेजिनाल्ड हेबर (१७८३–१८२६) इंग्लंडमधल्या हॉडनेट या खेड्यात पाळक होता. त्या काळी अँग्लिकन चर्चमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत पंथात, बायबलमधलीच स्तोत्रं छंदोबद्ध करून गायची रीत होती. माणसानं रचलेली नवी गीतं म्हणजे अगोचरपणा, असं मानणारे वरिष्ठ होते. हेबरला वाटायचं की वर्षातल्या प्रत्येक रविवारी त्या दिवसाच्या वाचनाला साजेसं एक गीत हवं. त्यानं असा संग्रह तयार केला, वरिष्ठांकडे मान्यता मागितली, ती मिळाली नाही. त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या कल्पनेच्या) रविवारसाठी लिहिलेलं ‘होली, होली, होली’ त्याच संग्रहातलं. पुस्तक निघालं ते तो गेल्यानंतर, १८२७ मध्ये, त्याच्या पत्नीनं काढलं.

या गीताची कारागिरी बारकाईनं पाहण्यासारखी आहे. चार कडवी, सोळा ओळी, आणि इंग्रजीत प्रत्येक ओळ ‘ई’ या एकाच ध्वनीवर संपते. ऑलमायटी, दी, मायटी, ट्रिनिटी, सी, बी, प्युरिटी. एरवी इतकं एकसुरी यमक कंटाळा आणेल. इथं ते घंटेच्या टोलासारखं परत परत पडतं. शिवाय तिसऱ्या कडव्यात हेबर एक वेगळी गोष्ट करतो. पहिल्या दोन कडव्यांत संत आहेत, मुगुट आहेत, काचेचा समुद्र आहे. तिसऱ्यात एकदम अंधार येतो: अंधारानं तुला झाकलं असलं, पापी माणसाच्या डोळ्यांना तुझं वैभव दिसत नसलं, तरी पवित्र फक्त तूच. दिसत नाही म्हणून नमस्कार, हे त्या कडव्याचं बळ आहे.

हेबर १८२३ मध्ये कलकत्त्याचा बिशप होऊन हिंदुस्थानात आला. १८२५ मध्ये तो मुंबईत होता. एल्फिन्स्टन तेव्हा गव्हर्नर. हेबरनं घारापुरी पाहिली, कार्ल्याची लेणी पाहिली, पुण्याला गेला. पुण्याच्या कॅम्पातलं सेंट मेरीज चर्च त्याच वर्षी झालं, त्याचं समर्पण हेबरच्याच हातून झालं. पुढच्या वर्षी ३ एप्रिलला, तिरुचिरापल्लीत, उन्हाच्या कामानंतर आंघोळीच्या हौदात उतरला असताना तो गेला. त्रेचाळिसावा वाढदिवस काही दिवसांवर होता.

याच हेबरचं दुसरं एक गीत मिशनऱ्यांचं आवडतं होतं. त्यात लंकेच्या निसर्गाचं कौतुक करून तो म्हणतो की इथलं सगळं दृश्य रम्य आहे, नीच आहे तो फक्त माणूस. गांधीजींनी १९२५ मध्ये कलकत्त्यात मिशनऱ्यांपुढे बोलताना, या दोन ओळी आपल्याला कायम बोचत आल्या आहेत, असं स्पष्ट सांगितलं. देवापुढे एवढा वाकणारा माणूस शेजाऱ्याकडे बघताना ताठ होतो, हे त्याच्या चांगल्या गीताचं कौतुक करतानाही विसरू नये.

‘होली, होली, होली’ची आजची चाल हेबरनं कधी ऐकलीच नाही. तो गेला तेव्हा ती करणारा जॉन बॅकस डाइक्स तीन वर्षांचा होता. पुढे डरॅमच्या कॅथीड्रलमध्ये गायनप्रमुख असताना डाइक्सनं नव्यानं निघत असलेल्या एका गीतपुस्तकाच्या संगीत संपादकाकडे, कुणी न मागता, काही चाली पाठवल्या. १८६१ च्या त्या आवृत्तीत त्याच्या सात चाली आल्या, त्यांतली एक ‘नायसीया’. इसवी सन ३२५ मध्ये नायसीया या गावी (आजच्या तुर्कस्तानात) झालेल्या धर्मसभेत त्रैक्याचा सिद्धान्त मांडला गेला, म्हणून हे नाव.

पेटी असेल तर चालीची पहिली ओळ वाजवून बघा: सा सा, ग ग, प प. ‘होली’ हा शब्द तीनदा, दर वेळी एक टप्पा वर, आणि तिन्ही मिळून एकच स्वरसंगती. एकात तीन, तीनात एक. पुढचे शब्द ‘सर्वसमर्थ प्रभू देव’ या अर्थाचे, तिथं सूर धैवतावर जाऊन ठाम उभा राहतो, ध ध ध, आणि मग प, ग असा खाली येतो. गायला शिकलेली नसलेली माणसंसुद्धा पहिल्याच फेरीत ही चाल उचलतात. हे साधं दिसतं, पण जमवायला फार कठीण. डाइक्सच्या बाकीच्या काही चाली गोडमिट्ट आहेत, असा आरोप पुढच्या पिढीनं केला. या चालीवर तो सहसा कुणी करत नाही.

डाइक्सचा शेवट मात्र आदर या विषयावरूनच झालेल्या भांडणात झाला. तो पुढे डरॅममध्येच सेंट ऑस्वाल्ड चर्चचा पाळक झाला. धूप, रंगीत वस्त्रं, वेदीकडे तोंड करून उभं राहणं यातून देवाचा मान राखला जातो, असं त्याच्या बाजूच्या लोकांचं म्हणणं. डरॅमच्या बिशपला यात रोमन कॅथलिक पंथाचा वास यायचा. डाइक्सला मदतनीस पाळक हवा होता. बिशप म्हणाला, त्यानं रंगीत पट्टा घालणार नाही, धुपाच्या विधीत भाग घेणार नाही आणि मंडळीकडे पाठ करणार नाही असं लिहून द्यावं, तरच परवाना. डाइक्स कोर्टात गेला, जानेवारी १८७४ मध्ये हरला, एकट्यानं काम ओढत राहिला, खचला, आणि दोन वर्षांनी मनोरुग्णांच्या इस्पितळात त्याचा मृत्यू झाला. धूप लावावा की नाही यावरून माणूस संपतो हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. मंदिरातल्या मानापानावरून आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद असतं.

भिकाऱ्याच्या गाण्यावर देवाचं आगमन

सुरुवातीला सांगितलेली मौनाची ओळ यातल्या सगळ्यांत जुन्या गीतातली. पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेत संत याकोबाच्या नावानं चालत आलेली एक प्राचीन उपासनाविधी आहे. तिचं सुरियानी रूप केरळातल्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत आजही चालतं. ग्रीक विधीत, भाकर आणि द्राक्षारस वेदीकडे मिरवणुकीनं नेताना हे गीत म्हणतात. बायझंटाइन चर्चमध्ये ते ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी येतं. राजांचा राजा येतो आहे, पुढे देवदूतांच्या फौजा आहेत, सराफीम तोंड झाकून घेत आहेत, म्हणून सर्व मर्त्य देहांनी मौन धरावं, भीत कापत उभं राहावं, मनात ऐहिक काही आणू नये. जेरार्ड मोल्ट्री या अँग्लिकन पाळकानं १८६४ मध्ये त्याचं इंग्रजी पद्य केलं.

चाल मिळायला आणखी चाळीस-बेचाळीस वर्षं जावी लागली. रॅल्फ व्हॉन विल्यम्स हा तरुण संगीतकार लोकगीतं गोळा करत गावोगाव हिंडायचा. देवाबद्दल त्याची खात्री नव्हती, तारुण्यात तर तो स्वतःला नास्तिक म्हणवायचा. १९०४ मध्ये पर्सी डिअरमर नावाचा पाळक त्याच्या दारात आला आणि नव्या गीतपुस्तकाचं संगीत संपादन कर म्हणाला. दोन महिन्यांचं काम आहे, असं सांगितलेलं. दोन वर्षं लागली. १९०६ च्या त्या ‘इंग्लिश हिम्नल’मध्ये व्हॉन विल्यम्सनं मोल्ट्रीच्या शब्दांना ‘पिकार्डी’ नावाची फ्रेंच लोकगीताची चाल लावली.

ते लोकगीत कशाचं होतं? येशू ख्रिस्त फाटक्या वेशात एका घराच्या दारात येतो आणि भीक मागतो: तुमच्या ताटातले उष्टे तुकडे द्या, माझं जेवण होईल. घरधनी म्हणतो, तुकडे आमच्या कुत्र्यांना लागतात. दारात आलेला भिकारी म्हणजे साक्षात देव, ही गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही आजीला ओळखीची वाटेल. व्हॉन विल्यम्सनं ही चाल नेमकी या गोष्टीसाठी निवडली की नुसती सुरावट आवडली म्हणून, हे बाजूला ठेवू. फौजफाट्यासह येणारा राजा आणि दारात उभा असलेला भिकारी एकाच सुरात येऊन बसले, हे खरं.

ऐकायला ही चाल ‘नायसीया’च्या अगदी उलट आहे. गंधार कोमल. सूर षड्जापासून पंचमापर्यंत उडी न मारता एकेक पायरी चढतो, अंधाऱ्या जिन्यावर हात टेकत चढावं तसा. ‘नायसीया’ दरबारात उभं करते, ‘पिकार्डी’ उंबऱ्यावरच थांबवते. मला विचाराल तर आदर या भावाला दुसरी चाल जास्त जवळची आहे. पहिल्या चालीत गाणाऱ्याला स्वतःच्या आवाजाची थोडी फुशारकी वाटायला वाव आहे. अर्थात उत्सवाच्या सकाळी ‘पिकार्डी’ कुणाला नको असते, हेही खरं.

सोमरस आणि क्वेकर

आता मराठी वाचकाला सगळ्यांत जास्त चकवणारी गोष्ट. ब्रिटनमधल्या आवडत्या भक्तिगीतांत वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकावर असलेलं ‘डिअर लॉर्ड अँड फादर ऑफ मॅनकाइंड’ हे शांततेचं गीत मुळात ऋग्वेदातल्या सोमरसावर लिहिलेल्या एका इंग्रजी कवितेची शेपटी आहे.

जॉन ग्रीनलीफ व्हिटिअर (१८०७–१८९२) हा मॅसॅच्युसेट्समधला कवी, गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर लढलेला, पंथानं क्वेकर. क्वेकरांच्या जुन्या पद्धतीच्या सभेत पाळक नाही, वेदी नाही, वाद्य नाही, गाणं नाही. माणसं एकत्र येऊन गप्प बसतात, कुणाला आतून काही सुचलं तर तो उठून बोलतो. १८७२ मध्ये व्हिटिअरनं ‘द ब्रूइंग ऑफ सोमा’ ही सतरा कडव्यांची कविता छापली. माथ्यावर मॅक्स म्युलरच्या भाषांतरातलं, इंद्राला सोम अर्पण करण्याबद्दलचं वचन. कवितेत लाकडं पेटली आहेत, कढईचा धूर रानातून वर चढतो आहे, पुरोहित मध आणि चीक घालून सोम शिजवतात, आधी चाखतात, मग पोटभर पितात आणि एका आवाजात ओरडतात की हे देवांचं पेय!

ऋग्वेद वाचलेला माणूस इथं लगेच थांबेल. सोम शिजवत नसत. वनस्पती दगडांनी कुटायची, रस मेंढीच्या लोकरीच्या गाळणीतून गाळायचा, असं वर्णन आहे, आणि नवव्या मंडलातली सगळी ११४ सूक्तं त्या गळणाऱ्या रसाला उद्देशून आहेत. व्हिटिअरची कढई बोस्टनच्या आसपासची. पण त्याचा रोख वैदिकांवर नव्हताच. पुढे तो म्हणतो की हे जुनंच परत परत येतं: कुणी धूप जाळतं, कुणी गरगर फिरतं, कुणी अंगावर आसूड ओढतं, आणि आपल्या ख्रिस्ती देवळांतही आपण तोच सोम अजून शिजवतो. अमेरिकेत त्या काळी तंबूंतल्या मोठाल्या सभा व्हायच्या, लोक रडायचे, ओरडायचे, लोळायचे. व्हिटिअरला ती नशाच वाटत होती. एवढं बोलून झाल्यावर बाराव्या कडव्यापासून कविता प्रार्थनेकडे वळते: हे प्रभो, मानवजातीच्या पित्या, आमचे वेडे प्रकार माफ कर.

१८८४ मध्ये गॅरेट हॉर्डर या इंग्रज पाळकानं ही शेवटची कडवी तोडून आपल्या गीतपुस्तकात घेतली. सोम गेला, कढई गेली. ‘आमचे वेडे प्रकार’ म्हणजे नक्की कोणते, हे आज गाणाऱ्या बहुतेकांना माहीत नसतं. प्रत्येक जण आपापली पापं त्यात भरतो. उपासनेतल्या आरडाओरड्याविरुद्धची तक्रार उपासनेतलंच लाडकं गाणं झाली, आणि तीही न गाणाऱ्या पंथाच्या माणसाची. व्हिटिअर स्वतः म्हणायचा की चांगलं भक्तिगीत हा कवितेचा सर्वांत उत्तम उपयोग, पण आपल्याला ते साधलं आहे असा आपला दावा नाही.

चालीची कथाही अशीच उसनवारीची. ह्यूबर्ट पॅरी या संगीतकारानं १८८८ मध्ये ‘जुडिथ’ नावाची मोठी गायनरचना केली. तिच्यात एक राणी आपल्या मुलांना इजिप्तमधल्या गुलामगिरीची जुनी कहाणी गाऊन सांगते. रूढ ख्रिस्ती श्रद्धा पॅरीनं तरुणपणीच सोडली होती, त्यावरून वडिलांशी त्याचं बिनसलंही होतं. तो १९१८ मध्ये गेला. १९२४ मध्ये इंग्लंडमधल्या रेप्टन शाळेचा संगीतशिक्षक जॉर्ज गिल्बर्ट स्टॉक्स यानं राणीच्या गाण्याची सुरावट उचलून व्हिटिअरच्या शब्दांना लावली. चालीला शाळेचं नाव पडलं. अमेरिकेत हेच गीत फ्रेडरिक मेकरच्या १८८७ च्या दुसऱ्याच चालीवर गातात आणि ती जास्त संथ आहे.

‘रेप्टन’ चालीची मेख कडव्याच्या शेवटी आहे. माप ८.६.८.८.६, पण शेवटची सहा अक्षरांची ओळ चाल दोनदा म्हणायला लावते. शेवटच्या कडव्यात एलीयाचा प्रसंग येतो: भूकंप, वारा आणि आग यांच्यातून बोल, हे शांततेच्या मंद आवाजा. चांगले ऑर्गनवादक भूकंपाच्या ओळीला ऑर्गनचा पूर्ण आवाज मोकळा सोडतात आणि पुढच्या ओळीला तो सगळा काढून घेतात. ती ओळ पुन्हा येते तेव्हा लोक आपोआप हळू गातात, कुणी सांगावं लागत नाही. मौनाबद्दल गाणं कसं गावं, या कोड्याला इतकं नेटकं उत्तर दुसरीकडे सापडत नाही.

नवीन गीतंही आहेत. डेव्हिड इव्हान्सचं १९८६ मधलं, प्रभूच्या उपस्थितीत निश्चल राहा असं सांगणारं गीत गिटारवरही चालतं आणि कॅथीड्रलमध्येही. उलट वॉल्टर चाल्मर्स स्मिथचं १८६७ मधलं गीत सांगतं की देव दिसत नाही तो अंधारामुळे नव्हे, प्रकाशाच्या झगमगाटामुळे. एवढी खोल कल्पना, आणि तिला लावलेली वेल्श चाल तीन-तीनच्या ठेक्यात जवळजवळ नाचते. पण लोकांना ती प्रिय आहे, त्यामुळे बदलायची कुणाची छाती होत नाही.

नगरची मंडळी काय गात होती

महाराष्ट्रात मिशनऱ्यांबरोबर ही परंपरा आली तेव्हा शब्द मराठी आणि चाल विलायती असा कारभार होता. इंग्रजी अक्षरांच्या मापात मराठी कोंबायचं, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचे हाल. चालीच्या जोरामुळे नको त्या अक्षरावर भार पडायचा. अहमदनगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी छंद आणि कीर्तन उपासनेत आणलं. पुढे नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अभंग, ओवी, पदं यांचा ओघच सुरू केला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’मध्ये आजही त्यांचा वाटा मोठा आहे.

टिळकांमुळे फक्त चाल बदलली नाही, आदराची रीतही बदलली. हेबरचा भक्त सिंहासनापासून लांब उभा आहे. टिळक ख्रिस्ताला गुरुमाउली म्हणतात. वारकऱ्याला देवाशी भांडायची, त्याच्या गळ्यात पडायची सवय असते आणि तरीही तो पायरीचं दर्शन घेऊनच आत जातो. हा आदर अंतर राखण्यातून आलेला नाही. मात्र दरबार टिळकांनाही सोडवला नाही: १९१७ मध्ये मिशनमधून बाहेर पडून त्यांनी जी मंडळी उभी केली, तिचं नाव त्यांनी ‘देवाचा दरबार’ ठेवलं, आणि तिच्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोघांनाही जागा होती.

पुण्यात काम करणाऱ्या निकोल मॅक्निकोल या स्कॉटिश मिशनऱ्यानं मराठी संतांच्या अभंगांचं इंग्रजी केलं, तसं टिळकांच्या काही रचनांचंही केलं. तुझ्या शाळेत विद्यार्थी म्हणून बसायचीही ज्याची लायकी नाही त्याला तू मित्र म्हटलंस, असं सांगणारी टिळकांची एक रचना त्यामुळे इंग्रजी गीतपुस्तकांत गेली. भाषांतर ८.६.८.६ या मापात आहे. ते इंग्रजी गीतांचं सगळ्यांत प्रचलित माप. त्यामुळे स्कॉटलंडच्या एखाद्या मंडळीत ती गायची झाली, तर ऑर्गनवादकाला निवडायला शेकडो चाली मोकळ्या असतात.